मे महिन्यात भिंतीला सावली नसते: भर दुपारी चेहऱ्याचा फोटो काढताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ज्याने नुकताच कॅमेरा हाती घेतला आहे, त्याला पहिला सल्ला मिळतो तो असा की माणसांचे फोटो सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावरच काढावेत. सल्ला चुकीचा नाही, पण तो पाळता येईलच असे नाही. आपल्याकडे लग्नाच्या अक्षता बहुधा दुपारी बारा-साडेबाराच्या आसपास पडतात आणि नवरा-नवरीला कार्यालयाबाहेर उभे करण्याची वेळ येते ती त्यानंतरच. पुण्या-मुंबईहून आलेली नातवंडे दुपारचे जेवण आटोपून परतीच्या गाडीला निघताना आजीबरोबर एक फोटो मागतात. शेतावर राबणारा माणूस भेटतो तोही दुपारच्या भाकरीच्या वेळेलाच. हे सारे प्रसंग संध्याकाळपर्यंत थांबत नाहीत, म्हणून दुपारच्या उन्हात फोटो कसा काढावा हे नवशिक्यालाही शिकावेच लागते.

मी काढलेला पहिला असा फोटो माझ्या आत्याचा होता. मे महिना होता, दुपारचा एक वाजत आला होता आणि भरपूर प्रकाश म्हणजे चांगला फोटो अशा समजुतीने मी तिला अंगणाच्या मध्यभागी उभे केले. फोटोत डोळ्यांच्या जागी दोन काळे खळगे आले, नाकाची सावली ओठांवर उतरली आणि कपाळ पांढरेफटक पडले. तिने तो पाहिला आणि एवढेच विचारले, "मी अशी दिसतो होय रे?" ती तशी दिसत नव्हती. तिचा चेहरा मृदू होता आणि तो कठोर दिसला याचे कारण प्रकाशात होते. ते कारण नीट समजून घ्यायला मला बराच काळ लागला. इथे ते शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडतो.

आपण ऊन 'कडक' आहे असे म्हणतो तेव्हा मनात बहुतेक त्याची तीव्रता असते. फोटोच्या दृष्टीने मात्र कडकपणा ठरतो तो प्रकाश देणाऱ्या वस्तूच्या आकारावर, म्हणजे ती वस्तू आपल्या जागेवरून किती मोठी दिसते त्यावर. सूर्य प्रत्यक्षात अवाढव्य असला तरी आकाशात तो सुमारे अर्धा अंशच रुंद दिसतो. हात लांब करून करंगळी उभी धरली तर तिच्या रुंदीत असे दोन सूर्य सहज झाकले जातील. एवढ्या लहान जागेतून येणाऱ्या प्रकाशाला नाक किंवा भुवई आडवी आली की तो पूर्णपणे अडतो आणि सावलीची कड चाकूने कापल्यासारखी येते. हिशेब असा आहे की उन्हात पडणाऱ्या सावलीची पुसट कड ही अडथळा आणि सावली यांच्यातील अंतराच्या जवळपास शंभराव्या हिश्शाइतकी असते. नाक आणि ओठ यांच्यात अंतर दोन-तीन सेंटिमीटर, म्हणून तिथली कड पाव मिलिमीटरच्या आसपास, अगदी धारदार. नारळाच्या शेंड्याची सावली मात्र पंधरा मीटरवरून जमिनीवर येते, म्हणून तिच्या कडा वीतभर नाही तरी चांगल्या बोटभर लांबीच्या पुसट दिसतात. ऊन तेच, पण एक सावली धारदार आणि दुसरी मऊ.

आंब्याच्या झाडाखालचे कवडसे हा याच गोष्टीचा पुरावा आहे. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी जमिनीवर पडणारे कवडसे गोलसर असतात, कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याचीच छोटी प्रतिमा असते; ग्रहणाच्या वेळी तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात ते याच कारणाने. फट पाच मीटर उंचीवर असेल तर कवडसा साधारण पाच सेंटिमीटरचा होतो, म्हणजे नेमका एखादा गाल किंवा एखादा डोळा झाकण्याएवढा. झाडाची सावली शोधणारा नवशिका इथेच फसतो. डोळ्याला ती जागा रम्य वाटते, पण फोटोत चेहऱ्यावर पांढरे चट्टे येतात आणि ते नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने धड निघत नाहीत. झाडाखाली बसवायचेच असेल तर चिंच किंवा फणसासारखे दाट झाड निवडावे आणि चेहऱ्यावर एकही कवडसा नाही याची खात्री करूनच बटण दाबावे.

आकाराइतकीच महत्त्वाची आहे ती दिशा, आणि माझ्या मते आपल्या भागातील नवशिक्यांची खरी अडचण या दिशेचीच आहे. फोटोग्राफीचे बरेचसे व्हिडिओ आणि पुस्तके उत्तरेकडच्या थंड देशांतून येतात आणि त्यांत हमखास सांगितलेले असते की सूर्य माणसाच्या पाठीशी ठेवा. लंडनमध्ये डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो आणि ऐन जूनमध्येही ६२ अंशांच्या पुढे जात नाही. तिथे सूर्याला पाठ करणे बाराही महिने शक्य आहे. बेळगाव सुमारे १५.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे वर्षातला सर्वांत खाली असणारा मध्यान्हीचा सूर्य, म्हणजे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातला, ५१ अंशांवर असतो, तर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली खांबाच्या पायातच मावते. हाच शून्य सावलीचा योग ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा पावसाळी ढग असतात आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. डोक्यावरच्या सूर्याला पाठ करता येत नाही. कोणत्याही दिशेला तोंड करून माणूस उभा राहिला तरी भुवयांची सावली डोळ्यांत आणि नाकाची सावली ओठांवर पडणारच.

ही डोक्यावरची वेळ घड्याळात बाराला नसते, हेही इथे सांगायला हवे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि बेळगाव सुमारे ७४.५ अंशांवर. प्रत्येक अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपला खरा मध्यान्ह घड्याळापेक्षा सुमारे ३२ मिनिटे मागे राहतो. फेब्रुवारीच्या मध्यास तो पाऊण वाजण्याच्या सुमारास असतो, नोव्हेंबरच्या आरंभी सव्वाबारा वाजता, आणि मे महिन्यात साडेबाराला. म्हणजे उन्हाळ्यातील लग्नाच्या अक्षता आणि डोक्यावरचा सूर्य यांची वेळ बहुधा एकच ठरते. घड्याळापेक्षा स्वतःची सावली पाहणे अधिक सोपे. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की सूर्य ४५ अंशांच्या वर गेला असे समजावे. डिसेंबरात ही स्थिती साधारण अकरा ते दोन एवढीच टिकते, पण मे महिन्यात ती सकाळी साडेनऊच्या आधी सुरू होते आणि दुपारी साडेतीन उलटून गेल्यावर संपते.

यातूनच एक व्यवहाराची गोष्ट निघते आणि ती मला कोणत्याही पुस्तकात सापडली नाही. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे कोणत्याही उंच भिंतीच्या उत्तरेला मध्यान्हीही सावलीचा पट्टा मिळतो. तीन मीटर उंचीच्या भिंतीला जवळजवळ अडीच मीटर रुंद. बेळगावच्या किल्ल्याचा तट असो, येळ्ळूरच्या राजहंसगडाची भिंत असो की गावातल्या शाळेची मागची बाजू, त्या दिवसांत ही जागा फोटोसाठी उत्तम ठरते. मे महिन्यात मात्र ऐन दुपारी भिंतीला सावलीच नसते. त्या दिवसांत सावली असते ती केवळ छपराला. म्हणून उन्हाळ्यात राजहंसगडावर किंवा उघड्या माळावर दुपारी फोटो काढण्याचा बेत आखण्यापेक्षा जिथे डोक्यावर छप्पर आहे आणि समोर उघडे आकाश आहे अशी जागा शोधावी. खानापूरकडच्या कौलारू घरांना पावसामुळे छपराच्या वळचणी लांब काढलेल्या असतात. त्यांची पडवी, जुन्या घरांतला सोपा, गोठ्याचे तोंड, देवळाचा सभामंडप, या सर्व जागा फोटोसाठीच बांधल्यासारख्या आहेत.

अशा जागेत नेमके काय घडते ते पाहू. छप्पर वरचे ऊन अडवते. चेहऱ्यावर प्रकाश येतो तो समोरच्या मोकळ्या आकाशाकडून आणि उन्हाने उजळलेल्या अंगणाकडून. म्हणजे अर्ध्या अंशाच्या सूर्याऐवजी आता दाराएवढा किंवा पडवीएवढा रुंद प्रकाश मिळतो, आणि तो वरून न येता समोरून येतो. डोळ्यांतील खळगे उजळतात, नाकाची सावली विरघळते, आणि डोळ्याच्या बाहुलीत अंगणाचा एक उजळ ठिपका उमटतो, ज्यामुळे नजर जिवंत दिसते. माणसाला सावलीच्या कडेपासून हातभर आत बसवावे आणि त्याचे तोंड बाहेर करावे. अगदी कडेवर बसवले तर गुडघ्यावर किंवा नाकाच्या शेंड्यावर ऊन येते. फार आत नेले तर प्रकाश मंदावतो. पुष्कळ जण याच्या उलट करतात, माणसाला सावलीत उभे करून मागे उजळ अंगण ठेवतात, आणि मग चेहरा काळवंडतो.

माझ्या आत्याचा फोटो मी पुढच्याच वर्षी, त्याच घरी, त्याच महिन्यात आणि त्याच वेळी पुन्हा काढला. "आत्या, जरा उंबऱ्याच्या आत सरकून बसा की," एवढेच सांगितले. मागे घरातला अंधार होता, त्यामुळे पार्श्वभूमी आपोआप गडद आली. समोर सारवलेले अंगण उन्हात तापलेले होते. कॅमेरा मी अंगणात उकिडवा बसून तिच्या डोळ्यांच्या पातळीवर धरला. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, १००, अ‍ॅपर्चर एफ/४ (हे लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा लहान तितके छिद्र मोठे) आणि शटर, म्हणजे प्रकाश आत येऊ देण्याचा वेळ, सेकंदाचा दोनशेवा भाग, याखेरीज काहीही लागले नाही. तो फोटो आज तिच्या देवघराशेजारच्या भिंतीवर आहे.

खालून परत येणारा हा प्रकाश आपल्या भागात जागोजागी बदलतो, आणि तो ओळखायला शिकणे मला सर्वांत आनंदाचे वाटते. अथणी, गोकाककडची काळी माती पडलेल्या प्रकाशाचा सुमारे दहावा हिस्साच परत देते, म्हणून तिथे उघड्यावर काढलेल्या फोटोत हनुवटीखालची सावली अधिक गडद येते. खानापूरची तांबडी माती आणि जांभ्याच्या भिंती प्रकाश बऱ्यापैकी परत देतात, पण तो तांबूस करून देतात. सावळ्या त्वचेवर ती ऊब पुष्कळदा खुलून दिसते, पांढऱ्या सदऱ्यावर मात्र खटकते. ऊस किंवा भाताच्या हिरव्यागार शेताला लागून उभ्या केलेल्या माणसाच्या गळ्याखाली आणि जबड्यावर हिरवट छटा येते. ती कुणालाच शोभत नाही, म्हणून पिकापासून तीन-चार पावले दूर, पायवाटेवर उभे करावे. चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत उन्हात असेल तर तिच्या समोर, सावलीत, माणसाला उभे करावे. त्या भिंतीसारखा रिफ्लेक्टर विकत मिळत नाही.

रिफ्लेक्टर म्हणजे प्रकाश परतवणारा कोणताही उजळ पृष्ठभाग. दुकानातला घडीचा रिफ्लेक्टर सोयीचा असतो, पण धुतलेले पांढरे धोतर, थर्माकोलचा ताव किंवा पांढरी चादर हे काम तितक्याच निगुतीने करतात. फोटोतल्या माणसाच्या मांडीवर किंवा पायांपुढे जमिनीवर पांढरे कापड अंथरले, की वरून येणाऱ्या उन्हाने पडलेल्या सावल्या खालून उजळतात. चंदेरी किंवा सोनेरी बाजू दुपारच्या उन्हात शक्यतो वापरू नये, तिचा झोत थेट डोळ्यांत जातो आणि माणूस डोळे मिटून घेतो. खालचा प्रकाश वरच्यापेक्षा अधिक होता कामा नये, हेही जपावे, नाहीतर चेहरा खालून दिवा धरल्यासारखा भेसूर दिसतो.

जिथे छप्परच नाही तिथे छप्पर तयार करता येते. धोतराचा एकेरी पदर दोघांनी चार कोपरे धरून माणसाच्या डोक्यावर ताणून धरला, की सूर्याचा लहानसा ठिपका जाऊन ते संपूर्ण कापडच प्रकाश देऊ लागते. कापड जितके डोक्याजवळ, तितका प्रकाश मऊ. फोटोच्या चौकटीत येणार नाही इतकेच वर धरावे. कापड शुद्ध पांढरे हवे. लग्नातल्या पिवळ्या-लाल मांडवाखाली चेहरे पिवळे-लाल येतात ते याच कारणाने, आणि तो रंग नंतर काढू गेल्यास शालूचा रंग बिघडतो. काळी छत्रीही उपयोगी पडते, पण ती प्रकाश मऊ करत नाही, फक्त सावली देते. कापडाखालचा चेहरा उन्हातल्या पार्श्वभूमीपेक्षा मंद असतो, म्हणून मागे आमराई, उघडे दार किंवा डोंगराची सावलीची बाजू असे काही गडद असावे.

आता कॅमेऱ्यातल्या आकड्यांकडे येऊ. फोटोग्राफीत प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे याला एक स्टॉप म्हणतात. निरभ्र आकाशाखाली, भर उन्हात, अ‍ॅपर्चर एफ/१६ ठेवले तर शटर स्पीड आयएसओच्या आकड्याइतका ठेवावा असा एक जुना आणि भरवशाचा नियम आहे. आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग, व्यवहारात १२५ वा. तिथून अ‍ॅपर्चर एकेक स्टॉप उघडत गेल्यास शटर तितकाच जलद करायचा, म्हणजे एफ/८ ला ४०० वा, एफ/४ ला १६०० वा आणि एफ/२.८ ला ३२०० वा भाग. साध्या कॅमेऱ्यांचा शटर पुष्कळदा ४००० व्या भागापर्यंतच जातो, त्यामुळे एफ/१.८ ची लेन्स भर उन्हात पूर्ण उघडल्यास फोटो जळतो, म्हणजे उजळ भाग पांढरेफटक पडतात. तेव्हा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी करडी काच, लावावा, किंवा मुकाट्याने एफ/४ वर यावे. चेहऱ्यासाठी एफ/४ पुरेसे आहे, असे माझे मत आहे.

ऊन आणि सावली यांत साधारण तीन स्टॉपचा, म्हणजे आठपटींचा फरक असतो. आपला डोळा तो सहज सांभाळतो. कॅमेरा सगळे काही मध्यम करड्या छटेकडे ओढू पाहतो. पांढरे धोतर आणि गांधी टोपी घातलेल्या आजोबांच्या फोटोत तो कपड्यांना पाहून फोटो गडद करतो आणि चेहरा आणखी काळा पडतो. मागे उजळ आकाश असले तरी तेच. अशा वेळी स्पॉट मीटरिंगने, म्हणजे चौकटीतल्या एका लहान ठिपक्यापुरताच प्रकाश मोजण्याच्या सोयीने, चेहऱ्यावरचा प्रकाश मोजावा किंवा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो ठरवून उजळ-गडद करण्याची सोय, अधिक एक इतके वाढवावे. पण चेहऱ्याचा काही भाग थेट उन्हात असेल तर उलट वागावे आणि फोटो किंचित गडद ठेवावा, कारण सावलीतला तपशील नंतर थोडाफार उजळता येतो, तर पांढरा पडलेला तपशील परत मिळत नाही. पैठणीची किंवा शहापूरच्या साडीची जर, नथीचे मोती आणि घामाने चमकणारे कपाळ, या तीन ठिकाणी तो सर्वांत आधी जातो. कॅमेऱ्यात जळालेला भाग लुकलुकवून दाखवण्याची सोय असते, ती चालू ठेवावी. आणि जमल्यास रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, घ्यावी. छपराखाली निळ्या आकाशाचा प्रकाश येत असेल तर त्वचा निळसर दिसते, तेव्हा व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाप्रमाणे रंग जुळवण्याची सोय, शेडवर (सावलीच्या पर्यायावर) ठेवल्याने ती मूळ रंगावर येते.

फ्लॅशबद्दल थोडक्यात सांगतो. उघड्यावर दुसरा उपाय नसेल तर फ्लॅश डोळ्यांतील सावल्या भरतो, पण बहुतेक कॅमेऱ्यांत तो शटरच्या २०० व्या किंवा २५० व्या भागापर्यंतच जुळतो, म्हणजे भर उन्हात एफ/११ च्या आसपास जावे लागते आणि तिथे कॅमेऱ्यातल्या छोट्या फ्लॅशची ताकद दीड-दोन मीटरच्या पुढे पोहोचत नाही. जवळून, एक स्टॉप कमी करून वापरावा. मोबाइलवर काढणाऱ्यांनी आधी लेन्स स्वच्छ पुसावी, चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाश पक्का करावा, आणि फार जवळ न जाता दोन पावले मागे सरून २ एक्सवर फोटो घ्यावा, म्हणजे नाक मोठे दिसत नाही.

डिसेंबर-जानेवारीत मात्र सूर्य पाठीशी ठेवण्याचा तो परदेशी सल्लाही आपल्याला वापरता येतो. माणसाला उत्तरेकडे तोंड करून उभे करावे, म्हणजे केसांना आणि खांद्यांना उजळ कड येते आणि चेहरा सावलीत राहतो. लेन्सवर ऊन येणार नाही यासाठी हूड, म्हणजे लेन्सपुढची आड, लावावा, हूड नसेल तर कुणाला तरी टोपीची आड धरायला सांगावे, आणि चेहऱ्याच्या हिशेबाने प्रकाश वाढवावा.

शेवटी, उन्हात ज्याला बसवायचे त्याच्याविषयी. एप्रिल-मे महिन्यात वयस्क माणसाला आणि लहान मुलाला दोन-तीन मिनिटांहून अधिक काळ उघड्यावर ठेवू नये. सर्व आकडे आधी दुसऱ्या कुणाला तरी उभे करून ठरवावेत, मगच आजीला हाक मारावी. पाणी जवळ असावे, कपाळावरचा घाम टिपायला पंचा असावा. डोळे किलकिले होत असतील तर तिला ते मिटून घ्यायला सांगावे, आपण तीन आकडे मोजावेत आणि तिसऱ्याला तिने उघडावेत. डोळे उघडल्यावरच्या पहिल्या अर्ध्या सेकंदात चेहऱ्यावर कसलाही ताण नसतो, आणि तेवढ्या वेळात दोन-तीन फोटो सहज निघतात.